तंबीचे कान

ये गिरिजे, अशी जवळ येऊन बस. पुण्यात आहेस म्हणून काय झालं, तिथल्या तिथे खुर्ची पुढे ओढ. आधी थोडं रागावून घेते, मग तुला हवं ते सांगते. जन्मापासून कॉलेज संपेपर्यंत तू तंजावुरात आमच्या मागच्या गल्लीत राहिलीस. तंबीने गिटार काढली की तुझी आई खिडकी लावून घ्यायची आणि तू कानात कापूस घालायचीस. आता पुण्यात ऑफिसातल्या मैत्रिणीने तुला 'पंपशेड' नावाच्या बँडची गाणी ऐकवली, तेव्हा तुला शोध लागला की हा आपल्याच घरचा माणूस. मग मला फोन. "आज्जी, तंबीआजोबा एवढे मोठे, आणि तू कधी सांगितलं नाहीस?" सांगितलं होतं गं. तू कापूस काढला नव्हतास.

फोनवर सांगायला घेतलं की तुझी मीटिंग निघते, म्हणून लिहिते. आपल्या तंजावूरच्या घरांत बोलायला मराठी, पण लिहायला-वाचायला तमिळ; मी देवनागरी शिकले ती चाळिशी उलटल्यावर, मुंबईहून येणाऱ्या दिनदर्शिकेच्या पाठीमागचं वाचून वाचून. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ तू सांभाळून घे.

तंबीची एक गोष्ट जगात दुसऱ्या कुणाची नसेल. पुढेपुढे त्याचं कुठलंही गाणं आधी बाहुली पास करायची. आपल्या तंजावूरची ती मान डोलवणारी बाहुली, कागदाच्या लगद्याची, घागरा वेगळा, धड वेगळं, डोकं वेगळं, सगळं एकावर एक टांगलेलं. ती तो स्पीकरच्या डोक्यावर उभी करायचा. वाजवणं सुरू झालं की हा बाहुलीकडे बघत बसायचा. नुसता घागरा हलला तर म्हणायचा, "गाणं कमरेपर्यंत आलंय, अजून चार दिवस लागतील." मान डोलली तर गाणं झालं. मी एकदा म्हटलं, "अरे, तिला काय कळतं?" तर म्हणाला, "म्हणूनच अक्का. तिला मत नाही. मत नसलेल्याने मान हलवली तर ती खरी."

तंबी माझा सर्वांत धाकटा भाऊ. तमिळमध्ये धाकट्या भावाला तंबी म्हणतात, ते आमच्या घरात चिकटलं, मग गल्लीत, मग ऑफिसात. साठी ओलांडलेल्या माणसाला चोवीस वर्षांची मुलगी 'तंबी सर' म्हणायची आणि कुणालाच काही वाटायचं नाही. लग्न त्याने केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी माहेरी परत आले, तेव्हापासून त्या घरात आम्ही दोघं. सरकारी बियाण्यांच्या ऑफिसात तो तपासनीस होता. ओल्या कापडात भाताचे शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, ठरल्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचं, हे काम. तीस वर्षं त्याने हेच केलं आणि ते डोक्यात इतकं भिनलं की गाण्यांनाही तो तेच करायचा. नवी चाल सुचली की ती चहाच्या टपरीवर गुणगुणायची, दूधवाल्यासमोर गुणगुणायची, ऑफिसच्या शिपायासमोर गुणगुणायची आणि गप्प राहायचं. आठ दिवसांनी त्यातलं कोण नकळत गुणगुणतंय ते बघत फिरायचं. टपरीवाला शीळ घालताना सापडला की तंबी घरी येऊन म्हणायचा, "उगवलं."

ही गिटार त्याला पन्नाशीनंतर मिळाली. ऑफिसातल्या एका साहेबांची बदली झाली, त्यांच्या क्वार्टरमध्ये कपाटामागे राहून गेलेली. चार तारांची. तंबीला वाटलं दोन तारा हरवल्या. महिनाभर तो त्या दोन तारा शोधत दुकानं फिरला. शेवटी तिरुवैयारूच्या एका तरुणाने सांगितलं की सर, ही बेस गिटार, हिला चारच असतात. तो तरुण म्हणजे भास्कर. तिकडच्या व्हायोलिनच्या मास्तरांचा मुलगा, व्हायोलिन सोडून गिटार धरली म्हणून वडिलांशी अबोला धरलेला. तंबी त्याला म्हणाला, "तुझ्याकडे सहा तारा आहेत ना, मग झालं. दोघांत मिळून दहा. पुष्कळ झाल्या." तिसरी सेल्वी, पापनाशमची, तिथल्या एका कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची आणि ड्रम वाजवायची. बसने यायची, हातात काठ्या घेऊन, म्हणून कंडक्टर तिला घाबरून असायचा.

सरावाला जागा कुणी देईना, म्हणून पापनाशमच्या वाटेवर आपलं शेत आहे, त्यातल्या मोटारीच्या शेडमध्ये हे तिघे बसले. म्हणून 'पंपशेड'. आता पुढचं नीट ऐक, कारण याबद्दल एका इंग्रजी मासिकात पानंच्या पानं छापून आली आहेत आणि त्यातलं एक अक्षर खरं नाही.

पहिल्या अल्बममधली सगळी गाणी एकाच सुरात आहेत आणि मागे सतत एक घरघर आहे. मासिकाने लिहिलं, यंत्रयुगातल्या माणसाचा आक्रोश. अगं, कुरुवैचं, म्हणजे लवकर येणाऱ्या भाताचं, पीक उभं होतं. शेताला पाणी द्यायचं असायचं, मोटार बंद करून कसं चालेल? मोटार ज्या सुरात घरघरायची त्याच सुरात गिटारी लावल्या, दुसरा इलाज नव्हता. भास्कर म्हणायचा, "सर, आपण सूर बदलू या का?" तंबी म्हणायचा, "मोटारीला विचार." दुसऱ्या अल्बममध्ये सगळं एकदम शांत, संथ, मधे मधे लांबच लांब जागा मोकळी. मासिकाने लिहिलं, बँड प्रौढ झाला, मौनाकडे वळला. झालं होतं एवढंच की जुनी मोटार जळली आणि मी बोअरमध्ये पाण्याखालची मोटार बसवून घेतली. तिचा आवाज वर येतच नाही. शेड गप्प झाली. तिघांना सहा महिने सुरुवात कुठून करावी तेच कळेना.

पण त्या दुसऱ्या अल्बमच्या वेळी आणखी एक झालं होतं, आणि ते मोटारीमुळे नव्हतं. तंबी सारखा भास्करला म्हणायचा, "खाली ये, आणखी खाली ये." उंच सूर त्याला नकोसे झाले होते. मला वाटलं, वय. मग एक दिवस जेवायला वाढत होते. हा आपला काहीही विचारलं तरी "हो, हो" करत होता. मला राग आला. मी म्हटलं, "भात वाढू का माती?" तर ताट पुढे करून म्हणाला, "अर्धीच वाढ."

मी डाव खाली ठेवला. "तंबी, तुला ऐकू येत नाही."

"येतं की."

"मी काय विचारलं?"

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "भाताचं काहीतरी."

कानाच्या डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या आणि कागदावर रेघ काढून दिली. रेघ डावीकडे बरी होती, मग तिरुवैयारूच्या घाटाच्या पायऱ्या उतरतात तशी उतरत उतरत पार पाण्यात गेलेली. उंच आवाज गेले होते, मधले जात होते. डॉक्टरांनी यंत्र दिलं. ते लावून तो एकदा शेडवर गेला आणि परत येऊन डबीत घालून देव्हाऱ्यात चंदनाशेजारी ठेवून दिलं. म्हणाला, "टिनाच्या डब्यात कावळे कोंडल्यासारखं ऐकू येतं." तेव्हा माझ्या लक्षात आलं, बाहुली त्याने आणली ती त्याच वर्षी. जे कानाला कळेना ते तो डोळ्याने बघत होता.

"त्या दोघांना सांग," मी म्हटलं.

"बियाण्याच्या ऑफिसात डोळे गेलेला तपासनीस ठेवतात का अक्का? हे दोघे मला ठेवतील ते दयेने ठेवतील. मग मी वाजवतो कशाला, भजनाला टाळ धरून बसतो." मग हळूच म्हणाला, "तू येतेस का शेडवर? तुला ताल कळतो. तू सांग, मी वाजवतो."

मला त्यांचं संगीत मुळीच आवडत नव्हतं, हे तुला माहीत आहे. पण आमच्या आईने आम्हा अस्क्यांना, म्हणजे सगळ्यांना, मांडीवर थाप देऊन ताल शिकवला होता, आणि धाकटा भाऊ तसं तोंड करून विचारत होता. गेले. शेडच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून मुरुंगैचा पाला निवडत बसायचे. मुरुंगै म्हणजे तुमचा तिकडचा शेवगा. मान वरखाली केली की चाललंय तसं चालू दे. काडी उचलली की मोठं होतंय. डोकं आडवं हलवलं की गाणं वाईट, टाकून दे. सेल्वीला आणि भास्करला वाटायचं, पाट्टी घरी एकटी कंटाळते म्हणून येऊन बसते. पाट्टी म्हणजे आजी. सेल्वी मला वडे आणून द्यायची.

तर गिरिजे, ज्या तिसऱ्या अल्बमसाठी तुझ्या मैत्रिणी जीव टाकतात, त्यात झांजा नाहीत. एकही नाही. मासिकाने त्यावर दीड पान लिहिलं आहे, नकाराचं सौंदर्य म्हणून. कारण असं की सेल्वीने ती मोठी झांज वाजवली की माझं डोकं दुखायचं. मी काडी उचलायचे. तंबी हात वर करून म्हणायचा, "सेल्वी, झांज नको." एकदा नाही, दोन वर्षं. तशीच त्यातली गाणी सगळी चार मिनिटांच्या आत संपतात, कारण पावणेबारानंतर घरी जाऊन कुकर लावायचा असायचा, मी पाला आवरला की तो गाणं आवरायचा. एका गाण्यात मधेच भास्कर गिटार थांबवून शीळ घालतो, ते तुझ्या मैत्रिणीला फार आवडतं ना? त्याने ती गमतीने घातली आणि नेमकी तिथेच मी शिंकले. मान खाली गेली ती तंबीला होकार वाटली.

असं दोन वर्षं चाललं आणि कुणाला पत्ता लागला नाही. मग इथल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात त्यांचा कार्यक्रम ठरला. दुपारी दोनचा. मी पहिल्या रांगेत मधोमध बसायचं ठरलं. आता यात माझा दोष आहे, मी नाकारत नाही. त्या सकाळी रामनाथरावांच्या मुलीचं लग्न होतं, पहिल्या पंगतीला बसले, पायसम दोनदा घेतलं. सभागृहात अंधार, वर पंखा. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला माझा डोळा लागला.

बसल्या जागी झोप लागली की मान कशी होते ते तुला माहीत आहे. खाली जाते, वर येते. खाली जाते, वर येते. वर मंचावर तंबी माझ्याकडे बघत होता. अक्का म्हणते, चालू दे. त्याने चालू ठेवलं.

पुढचं मला नंतर भास्करने सांगितलं. गाणं संपायची जागा आली, तंबीने संपवलं नाही, पुन्हा पहिल्यापासून घेतलं. हे दोघे मागोमाग गेले. पुन्हा जागा आली, पुन्हा पहिल्यापासून. मुलं शिट्ट्या वाजवू लागली, त्यांना वाटलं हीच खुबी. सात वेळा झालं. भास्करची बोटं सोलवटली, त्याने हात काढून घेतला. सेल्वी आणखी एक फेरी वाजवत राहिली, मग तिनेही काठ्या मांडीवर ठेवल्या. तंबी वाजवतोच आहे. त्याची पाठ त्यांच्याकडे, डोळे माझ्या मानेवर. अख्खं सभागृह गप्प, आणि त्या शांततेत एकटी बेस गिटार, ढुम, ढुम, ढुम. मला जाग आली ती त्या शांततेने. बघते तर त्याच्या मागे दोघे हात बांधून उभे आहेत आणि हा माझ्याकडे बघून, किती छान चाललंय, असा हसतो आहे.

मी दोन्ही हात वर केले. तो थांबला. आणि मुलं जी उठली टाळ्या वाजवायला, ती पाच मिनिटं बसली नाहीत. त्याचंच रेकॉर्डिंग म्हणे आता सगळ्यांत जास्त ऐकतात. मासिकाने काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

मंचामागे एक खोली होती, कॉलेजच्या जुन्या खुर्च्या ठेवायची. सेल्वीने दार लावलं. ती समोर येऊन उभी राहिली, म्हणजे तोंड दिसेल अशी. तेवढ्यात तिला त्याच्या कानांचं समजलं होतं.

"तंबी सर, मी थांबले ते तुम्हाला कळलं?"

"कळलं की."

"केव्हा थांबले मी?"

तंबी गिटारीची तार पुसत राहिला. तार स्वच्छ होती.

"त्याला ऐकू येत नाही," मी म्हटलं. "दोनतीन वर्षं झाली. मी खुणा करते, तो वाजवतो."

भास्कर एका मोडक्या खुर्चीवर बसला, ती त्याच्यासकट खाली गेली, पण कुणी हसलं नाही. सेल्वी माझ्याकडे वळली. "म्हणजे झांजा नको म्हणायचं, ते कोण?"

"माझं डोकं दुखायचं गं."

"पाट्टी, दोन वर्षं मी घरी जाऊन उशीवर सराव केला. मला वाटायचं, मलाच झांज नीट वाजवता येत नाही. तंबी सरांना सगळं ऐकू येतं, ते म्हणतात नको, म्हणजे माझंच चुकतं. मी ड्रम विकायला काढले होते."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी त्या मुलीचे वडे खाल्ले होते.

भास्कर उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "आणखी काय काय आहे ते आजच सांगून टाका." मग मी सांगितलं. कुकर सांगितला, शिंक सांगितली. तंबी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता, मला वाटतं अर्धं त्याला कळत होतं. शेवटी भास्करने विचारलं, "आणि ते नावेचं गाणं? आम्ही पंधरा दिवस मेहनत केली, तुम्ही डोकं आडवं हलवलंत. ते खरंच वाईट होतं?"

"वाईट होतं," मी म्हटलं.

आठ दिवस शेडवर कुणी आलं नाही. तंबी रोज वेळेवर जायचा, कुलूप काढायचा, बसायचा, परत यायचा. मी विचारायचे, "जेवतोस ना?" तो म्हणायचा, "हो," आणि जेवायचा नाही. आठव्या दिवशी संध्याकाळी त्याने देव्हाऱ्यातून ती यंत्राची डबी काढली, उघडली, बंद केली. म्हणाला, "अक्का, उगवण बघायचा दिवस आज. काही आलं नाही वर."

नवव्या दिवशी शेडसमोर टेम्पो थांबला. सेल्वी उतरली, मागून आपल्या गावातले वीणा करणारे एक आचारी, म्हणजे सुतार, आणि चार माणसांनी उचललेली फणसाच्या लाकडाची पेटी. चौरंगाएवढी, आतून पोकळ, वर पातळ पण भक्कम फळी. वीणेचा भोपळा कोरतात त्याच हाताने कोरलेली. आचारी पहिल्यापासूनच चिडलेले होते. म्हणाले, "चाळीस वर्षं वीणा करतोय. लोक मांडीवर घेतात. वर उभं राहायला पहिल्यांदाच कुणी मागितली." सेल्वीने पेटी आपल्या मोठ्या ड्रमला टेकवली आणि तंबीला खूण केली, चपला काढा, वर उभे राहा.

तो उभा राहिला. तिने वाजवलं. तंबीने पायांकडे पाहिलं. मग डोळे मिटले. तिने आणखी चार फेऱ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, "सेल्वी, दुसऱ्या ठोक्याला तू घाई करतेस."

ती थांबली. "सर, ही माझी खोड पहिल्या दिवसापासूनची आहे. आज पहिल्यांदा पकडलीत."

भास्कर खो खो हसत सुटला. आचारी म्हणाले, त्या फळीला तेल लावत जा, आणि नमस्कार करून गेले. सेल्वीने झांजा बाहेर काढल्या. तीन होत्या. टेम्पोत ठेवून आणल्या होत्या, म्हणजे घरूनच ठरवून निघाली होती. माझ्याकडे एकदा बघितलं आणि वाजवल्या. माझं डोकं दुखलं. मी काही केलं नाही, पाला निवडत बसले.

त्यानंतरचं वाजवणं वेगळंच. मोठं, रुंद, आणि सगळं खालून आल्यासारखं. तंबी अनवाणी, डोळे मिटलेले. माझ्याकडे बघत नव्हता. बघायची गरजच राहिली नव्हती. मीही चार दिवस गेले, मग जायची बंद झाले. सेल्वी माझ्यावर रागावलेली नव्हती, विचारायची, "पाट्टी, या की." पण खुर्चीवर बसून नुसता पालाच निवडायचा तर तो घरीही निवडता येतो.

मग बंगळूरहून बोलावणं आलं. तिथे कुणी एकाने त्यांना सरावाला जागा, राहायला जागा आणि वर्षभराचे कार्यक्रम देऊ केले. तंबीला पेन्शन सुरू झाली होती, अडवायला काही नव्हतं. मला म्हणाला, "तू म्हणशील तर राहतो." मी म्हटलं, "जा." तोंड नीट त्याच्यासमोर धरून म्हटलं, म्हणजे चूक होऊ नये.

आता तुला सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. ते नावेचं गाणं वाईट नव्हतं. आपल्या भाषेत होतं गं, घरात बोलतो त्या मराठीत. कावेरीला पाणी सोडलं आहे, पलीकडच्या काठावर बहीण हात करते आहे, नावाडी म्हणतो, आज नाव परतायची नाही, एवढंच. तंबीने स्वतः जुळवलं होतं. ते ऐकताना माझ्या हातातली काडी पडली. आयुष्यात इतकं चांगलं मी काही ऐकलं नव्हतं. आणि मला तिथल्या तिथे दिसलं, हे बाहेर गेलं की लोक यांना उचलून नेतील. मी भात कुणाला वाढायचा मग? तंबीने माझ्याकडे बघितलं, भुवया वर करून, कसं? मी डोकं आडवं हलवलं. बाहुली तेव्हा स्पीकरवर मान डोलवत होती. त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तिचं ऐकलं नाही. माझं ऐकलं.

ड्रम, पेटी, बाहुली टेम्पोतून पुढे गेली होती. तंबी संध्याकाळच्या गाडीने निघाला, गिटार मांडीवर. मी खिडकीशी उभी होते. गाडी हलली तेव्हा मी म्हटलं, "तंबी, ते नावेचं गाणं चांगलं होतं. मी खोटं सांगितलं." फलाटावर केवढा गलका, त्यात इंजिनाचा भोंगा. तो माझ्याकडे बघून हसला आणि मान डोलावली, हो, हो. मी भात की माती विचारलं त्या दिवशी 'हो, हो' करत होता अगदी तशी.

लिहून कळवता येईल, तू म्हणशील. तमिळमध्ये मला लिहिता येतं, त्याला वाचता येतं, तो रोज सकाळी फोटो पाठवतो, चहाचे, पेटीचे, सेल्वीच्या नव्या झांजेचे. मी चार वेळा लिहायला बसले. 'जेवलास का' एवढंच जातं.

ते गाणं भास्करने तेव्हा शेडमध्ये फोनवर घेऊन ठेवलं होतं आणि जायच्या आधी मी मागून घेतलं. कशाला हवं, असं त्याने विचारलं नाही. माझ्या फोनमध्ये आहे, पण मला आता त्यात स्वतःचंच डोकं हललेलं ऐकू येतं, दुसरं काही ऐकू येत नाही. तू ये. दीपावळीला येते म्हणू नकोस, तेवढं थांबायला नको, येत्या शनिवारी गाडीत बस. शेडची किल्ली माझ्याकडेच आहे. दोन खुर्च्या टाकू. तू ऐक आणि मला सांग, मी म्हणते तेवढं ते चांगलं आहे का. असेल तर तिथेच बसून आपण दोघी मिळून त्याला लिहू. पहिली ओळ तू लिही.